रत्नागिरीतले दोन मॉर्मन, त्यातला एक डळमळीत

रविवारी सकाळी आमच्या हॉलचं चर्च व्हायचं. टीव्हीवर चादर पडायची, टीपॉयवर इस्त्री केलेला पांढरा रुमाल, त्यावर स्टीलच्या ताटलीत बेकरीतल्या पावाचे तुकडे आणि दोन छोट्या पेल्यांत पाणी. आंघोळ करून, चांगले कपडे घालून आम्ही नवरा-बायको समोरासमोर बसायचो. मी टाय लावायचो. मे महिन्यात रत्नागिरीत स्वतःच्याच घरात टाय लावून घामाघूम बसलेला माणूस बघायला शेजारची माणसं काही ना काही निमित्त काढून अंगणात यायची.

आम्ही मॉर्मन. म्हणजे ख्रिस्तीच म्हणायचं, पण अमेरिकेत निघालेल्या एका वेगळ्या पंथाचे. दारू, तंबाखू, चहा, कॉफी सगळं वर्ज्य. माझ्या माहितीत रत्नागिरीत असे आम्ही दोघंच. सगळ्यात जवळची मंडळी गोव्यात, त्यामुळे प्रवचन मोबाईलवर ऐकायचं. पण पाव काही मोबाईलवरून मिळत नाही. ज्याला तसा अधिकार दिलेला आहे अशा पुरुषाने गुडघे टेकून पावावर प्रार्थना म्हणायची, मग पाण्यावर म्हणायची आणि बाकीच्यांना द्यायचं. आमच्याकडे बाकीचे म्हणजे माझी बायको. प्रार्थना ठरलेली असते, शब्दाला शब्द. एक जरी इकडचा तिकडे झाला तरी पुन्हा पहिल्यापासून. आम्ही ती हिंदीत म्हणायचो, आणि माझं हिंदी तुम्ही ऐकलेलं नाही म्हणून बरं. बायको डोळे मिटून ऐकायची आणि मी चुकलो की डोळे न उघडता म्हणायची, "परत."

ह्या सगळ्यात तिला मी आणलं, ती मला नव्हे. लग्नानंतर आम्ही बेंगळुरूला होतो. तिथे पांढरा शर्ट आणि टाय घातलेली दोन पोरं धर्म सांगत फिरायची. मला ती आवडली, मुख्य कारण हे की त्यांचं हिंदी माझ्याहून वाईट होतं. सहा-आठ महिन्यांत मी पाण्यात बुडी मारून बाप्तिस्मा घेऊन मोकळा झालो. बायको सावर्ड्याकडची. ती बाजारात भेंडी घेताना एकेकीचं टोक मोडून बघते आणि भाजीवाल्याने डोळे वटारले तर आपणही वटारते. "डोकं फिरलंय काय ओ तुमचं?" एवढंच म्हणाली. मग मला न सांगता-विचारता तिने ते सगळं वाचून काढलं, त्या पोरांना प्रश्न विचारून विचारून घामटा काढला, आणि एके दिवशी भाकरी थापता थापता म्हणाली, "खरं आहे ते." तिच्या बाजूने विषय तिथे कायमचा संपला.

पुढे आम्ही परदेशातल्या त्यांच्या मंदिरात जाऊन आलो. तिथे नवरा-बायकोला एकमेकांशी बांधतात, आणि ते मरेपर्यंत नाही, तर त्यानंतरही, अनंतकाळ. माझी आई दरवर्षी वडाला सात जन्म मागत आलेली. आम्ही रत्नागिरीला परत आल्यावर तिला हे कळलं, तेव्हा ती माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघत सुनेला म्हणाली, "सातच भारी होतात गो बाय. ह्याच्याबरोबर अनंत कशी काढणार तू?" बाकी आईची आमच्या देवाबद्दल तक्रार नव्हती. मुलगा दारूला शिवत नाही, एवढ्यावर तिने त्याला पास करून टाकलं होतं.

तिला खटकायचा तो सोडलेला चहा, आणि मला धंद्यात नडायचाही तोच. मी इन्व्हर्टर आणि बॅटऱ्या विकतो, बसवून देतो, बिघडल्या की बघायला जातो. कोकणात लाईट जाण्याची ददात नाही, तेव्हा धंदा बरा चालतो. पण ज्या घरी जावं तिथे आधी चहा येतो, आणि तो नको म्हटलं की घरच्या बाईचा चेहरा पडतो. धर्माचं सांगत बसलो तर बॅटरी बाजूलाच राहील, म्हणून मी ॲसिडिटी आहे असं सांगायचो. परिणामी अर्धा तालुका माझ्या पोटाच्या काळजीत. कुणी आवळा सुचवतं, कुणी कोकमाच्या आगळाची बाटली बांधून देतं. एका आजोबांनी तर माझ्यासाठी चिपळूणच्या डॉक्टरचा नंबर काढून ठेवला होता.

तर एकदा गणपतीपुळ्याला एका लॉजवर गेलो होतो. काम झालं, मालकीणबाईंनी माझ्यापुढे काहीतरी ठेवलं, आणि तेवढ्यात मला बॅटरीवाल्या डीलरचा फोन आला. तो माणूस बोलायला लागला की थांबत नाही. फोन संपला तेव्हा माझ्या हातात कप होता आणि कपाच्या तळाशी चहाची पूड. मी सगळा प्यायलो होतो. आलं घातलेला, भरपूर साखरेचा.

मी पश्चात्तापाची वाट बघत बसलो. पूर्वी एवढ्यातेवढ्यावरून मी रात्री उशीत तोंड खुपसून माफी मागायचो. आता आत काहीच हललं नाही. बॅटरीतलं पाणी रोज थोडं थोडं उडत असतं आणि झाकण उघडून बघेपर्यंत पत्ता लागत नाही, तसं माझं कधीतरी उडून गेलं होतं. पुस्तकातल्या त्या कथा, ते संदेष्टे, वरचं ते सगळं. कुणाशी वाद झाला नव्हता, कुणी काही वाईट केलं नव्हतं. मला आता ते खरं वाटत नव्हतं, एवढंच.

आणि खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला! श्रद्धा गेली की माणूस सैरभैर होतो असं ऐकून होतो. मी आरे-वारेच्या रस्त्याने मोटरसायकलवर मोठमोठ्याने गाणी म्हणत आलो. हेल्मेटच्या आत माझं मलाच हसू येत होतं. शाळेला अचानक सुट्टी मिळाल्यासारखं वाटत होतं, आणि समुद्रसुद्धा त्या दिवशी उगाचच जास्त निळा होता. घराच्या फाटकाशी गाडी बंद केली आणि लक्षात आलं की परवा रविवार आहे.

तिथे हसू गेलं. माझी प्रार्थना म्हणजे तिचा पाव. मी न मानता म्हणावी तर ते ढोंग, न म्हणावी तर ती उपाशी. आणि त्याहून वाईट म्हणजे तो अनंतकाळ. दोघांपैकी एकाने सोडलं की ती गाठ सुटते, असं ती मानते. मला त्याचं काही वाटण्याचं कारण नव्हतं, पण ती मानते हे तर खरंच होतं ना.

रविवारी टाय लावला, गुडघे टेकले. पहिल्याच ओळीत चुकलो. "परत." पुन्हा सुरू केलं, पुन्हा अडखळलो. "परत." तिचे डोळे मिटलेले, कपाळावर एक बारीक आठी, सगळं लक्ष माझ्या शब्दांवर. एक शब्द चुकला तर पकडणारी बाई समोर बसली आहे आणि इथे आख्खा माणूसच चुकलेला आहे, असं मनात आलं आणि मला फिसकन हसू फुटलं. दाबायला गेलो तर नाकातून विचित्र आवाज निघाला. तिने एक डोळा उघडला. मग तिचाही खांदा हलायला लागला. आमचं हे पहिल्यापासूनचं आहे, एकाला सुटलं की दुसऱ्याला आवरत नाही. टाय एका बाजूला, ती सोफ्यावर आडवी, पेल्यातलं पाणी रुमालावर सांडलेलं. आतून आई ओरडली, "मेल्यांनो, प्रार्थना चालू आहे की तमाशा?" त्यावर आम्ही आणखीच हसलो.

"झालं काय ते सांगाल की नाही?" ती डोळे पुसत म्हणाली.

आणि त्या हसण्याच्या भरात मी सांगून टाकलं. "मला आता ह्यातलं काही खरं वाटत नाही."

ती आणखी थोडं हसली, कारण हसणं एकदम थांबत नाही. मग थांबली. केव्हापासून, विचारलं. माहीत नाही, म्हटलं. तिने ओला रुमाल उचलून त्याची घडी घातली. तो ओला आहे हे तिच्या लक्षातच नव्हतं. मग चिपळूणला सोबत कोण येणार असं विचारावं इतक्या साध्या आवाजात तिने विचारलं, "मग तिकडे मी कुणाबरोबर राहू?"

त्या दिवशीचा पाव आईने चहात बुडवून खाल्ला.

पुढच्या रविवारी मी आपणहून टाय लावून बसलो. म्हटलं, शब्दाला शब्द म्हणतो, तुला काय फरक पडतो? तर ती भडकली. "शब्द चुकला तर परत म्हणता येतं. हे कसं परत म्हणायला लावू तुम्हाला?" मलाही राग आला. इतका कसला ताठा, जगात किती माणसं मनात एक ठेवून तोंडाने दुसरं म्हणतात आणि त्यांचे संसार बरे चालतात! तसं मी बोललोसुद्धा. ती म्हणाली, "तुम्ही न मानता म्हटलेला पाव माझ्या घशाखाली उतरायचा नाही. मी गोव्याला जाईन."

"एकटी?"

"एकटीच. सवय करायला नको आतापासून?"

हे तिने मला लागावं म्हणूनच म्हटलं होतं, आणि लागलंही. पण म्हणून झाल्यावर तिचा तिलाच ओठ चावावा लागला, आणि मग काय, पुन्हा आमचं सुरू. हसून झाल्यावर मी दोघांची तिकिटं काढली.

तेव्हापासून महिन्यातून एकदा शनिवारी दुपारच्या गाडीने आम्ही गोव्याला जातो. लॉजवर राहतो, संध्याकाळी मासे खातो, नवीन लग्न झाल्यासारखे किनाऱ्यावर फिरतो. नास्तिक झाल्यापासून मी तिला इतकं फिरवलंय की आईला संशय यायला लागलाय. रविवारी सकाळी भाड्याच्या हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्यांवर मंडळी जमते. तिथे पावाचा ट्रे रांगेतून हातोहात पुढे जातो. पहिल्या वेळी तिने मला कोपराने ढकलून कडेच्या खुर्चीवर बसवलं आणि कुजबुजली, "तुम्ही घेऊ नका. पण मला तुम्ही द्या." ट्रे धरायला श्रद्धा लागत नाही. एका टकलू काकांनी तो माझ्याकडे दिला, मी तिच्यापुढे धरला, तिने एक तुकडा उचलला आणि डोळे मिटले. मी सरळ समोर बघत बसलो, कारण तिच्याकडे बघितलं असतं तर धड राहिलो नसतो.

सभा संपल्यावर ती तिथल्या प्रमुखांशी बराच वेळ बोलत होती. माझ्याबद्दलच असणार, म्हणून मी बाहेर जाऊन उभा राहिलो. परतीच्या गाडीत सावंतवाडी मागे पडली तेव्हा तिने विषय काढला.

"तुमचं काय होणार ते विचारलं मी त्यांना."

"काय होणार?"

"खालच्या मजल्यावर जाल." त्यांच्या स्वर्गाला तीन पायऱ्या असतात, हे मला ठाऊक होतं. "नरक-बिरक काही नाही. चांगलीच जागा आहे. खालची आहे, इतकंच."

"आणि तू?"

"मी वर," ती म्हणाली. त्यात तिला कसलीच शंका नव्हती.

बोगदा आला आणि गाडीच्या धडधडाटात काही ऐकू येईना. ती काळ्या खिडकीकडे बघत होती. बोगदा संपला तशी माझ्याकडे वळली.

"खालच्यांना वर यायला मनाई आहे. पण वरचे खाली भेटायला येऊ शकतात. हे मी पक्कं विचारून घेतलंय."

"किती वेळा?"

"ते नाही विचारलं."

भेंडीचं प्रत्येक टोक मोडून बघणारी बाई आणि हे विचारायचं राहिलं? मी तिच्याकडे बघतच राहिलो. तिने मांडीवरच्या पर्सचा पट्टा सरळ केला.

"विचारलं असतं तर त्यांनी काहीतरी सांगितलं असतं. महिन्यातून एकदा नाहीतर वर्षातून एकदा. मग तेवढंच पाळावं लागलं असतं. आता मला कुणी काही सांगितलेलं नाही. मी रोज येणार."

मला हसू आलं, आणि हसता हसता माझे डोळे कधी वाहायला लागले ते कळलंच नाही. समोरचा माणूस वर्तमानपत्र खाली करून आमच्याकडे बघायला लागला. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हटलं, "येण्याआधी एक फोन कर मग."

"फोन कशाला?" ती म्हणाली. "तुम्ही जाणार आहात कुठे?"