काचवालीच्या चार लोंब्या

काचवाली कोणाच्याही घरी गेली की बसायच्या आधी पिशवीतून आपला स्टीलचा गिलास काढायची आणि समोर ठेवायची. चहा असो की पाणी, त्यातच ओतायला लावायची. कोणी विचारलं तर म्हणायची, "माझ्या हाताले रसायन असते बाई. तुमचा कप कायले खराब करू?" आम्हा बायकांना हे पटायचं. पटायचं म्हणजे सोयीचं होतं. ती विहाराजवळच्या बौद्ध वस्तीतली. तिला कोणत्या कपात चहा द्यायचा, हा प्रश्न तिनंच आमच्या डोक्यावरून उतरवला होता. माझ्या गोठ्याच्या कोनाड्यात असल्या माणसांसाठी कान तुटलेला एक कप ठेवलेला होता. तिच्यामुळे तो मला कधी काढावा लागला नाही. काम करताना ती दोन-दोन हातमोजे घालायची. मग हाताला रसायन लागायचं कुठून, हे मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही.

आमचं गाव गोंदिया जिल्ह्यात, केशोरीच्या अलीकडे. काचवाली बरीच वर्षं नागपूरला होती. बक्षिसाच्या ढाली बनवायच्या एका दुकानात काम करायची. नवरा वारल्यावर गावात परत आली तेव्हा चाळिशीची असेल. उंच, सडपातळ, आवाज बारीक. सोबत शिलाई मशीन होती आणि एका खोक्यात रेझिनच्या, म्हणजे ओतलं की काचेसारखं गोठणाऱ्या रसायनाच्या, बाटल्या. मोबाइलवर व्हिडिओ पाहायचं वेड तेव्हा गावात नवं होतं. ती बाकी काही पाहत नसे, रेझिनचंच पाहायची. त्याच्या ती किल्लीच्या साखळ्या करायची, दारावरच्या नावाच्या पाट्या, घड्याळं, दिवा ठेवायच्या ताटल्या. आत फुलं, पानं, मोराचं पीस. वरून सगळं काचेसारखं चकचकीत. म्हणून ती काचवाली. तिचं खरं नाव मला मतदानाच्या यादीत दिसलं, तेही ती गाव सोडून गेल्यावर.

तिचं माप पाहण्यासारखं होतं. एका बाटलीतलं दोन वाटे, दुसरीतलं एक वाटा, तेही सोनाराकडे असतो तशा बारक्या काट्यावर. थेंब जास्त पडला तर ती काडीनं तो परत काढायची. मी सगळा जन्म स्वयंपाक अंदाजानं केला, मला हसू यायचं. ढवळायला लागली की दहा मिनिटं बोलायची नाही. वाटीच्या कडेकडेनं, बाळाला न्हाऊ घालावं तशी हळू. एकदा मी म्हटलं, दे इकडे, झटकन करून देते. तिनं वाटी माझ्यापासून दूर धरली. "ढवळायचं असते पाटलीणबाई, मारायचं नसते. मारलं का बुडबुडे होते, अन् ते मग जन्मभर तसेच दिसते."

पाण्याशी तिचं वैर होतं; थेंबभर ओल लागली तरी रेझिन पांढरं पडतं, म्हणायची. फूल आणलं की आधी ते तांदळात पुरून आठ-दहा दिवस वाळवायची. मास्तरची बायको भर श्रावणात लेकीच्या लग्नातला हार घेऊन आली. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवलेला, अर्धा कुजलेला. काचवालीनं पिशवीत नाक घातलं आणि म्हणाली, याचं खत चांगलं होईल. बाई चिडून गेली. दिवाळीनंतर तोच हार वाळवून परत आली आणि पाटी घेऊन गेली. वस्तीतल्या एका म्हाताऱ्यानं मेलेल्या बैलाच्या शिंगाचं टोक आणलं होतं. त्याची तिनं किल्लीची साखळी करून दिली. म्हाताऱ्याच्या घराला कुलूपच नव्हतं. तो ती साखळी करदोट्याला बांधून फिरायचा.

मला हे सगळं रिकामं काम वाटायचं. तोंडावर बोलायची मला सवय आहे, म्हणून मी विचारलंही, यानं पोट भरते का? ती म्हणाली, "पोटासाठी मशीन आहे ना. तुम्ही रोज सकाळी आंगणात रांगोळी टाकता, ते कायले टाकता?" त्या दिवसापासून मी तिला थोडी मानायला लागले. थोडीच.

आमच्याकडे धान कापून झालं की पहिल्या लोंब्यांची झालर विणतात आणि पाखरांना खायला ओसरीला टांगतात. आमच्या घरी ती माझे मालक विणायचे. बोटं जाड, पण वीण अशी बारीक की शेजारचे पाहायला यायचे. शेवटची झालर त्यांनी विणली तेव्हा त्यांना धड बसवत नव्हतं. भिंतीला टेकून विणली. माघात ते गेले. ती झालर मी पाखरांना खाऊ दिली नाही, आत आणून देवघराशेजारी टांगली. पण आतही उंदीर होते, किडे होते. खाली रोज भुसा पडायचा. दोन वर्षांत हातभर झालर वीतभर राहिली. मी माणसासाठी रडले नाही एवढी त्या भुशाला पाहून चिडायची.

काचवालीनं ती पाहिली आणि आपणहून म्हणाली, मी हिला ठेवून देते. यानंतर किडा लागणार नाही.

त्याच दिवसांत आमच्या बचत गटात तिचं नाव निघालं होतं. गटाच्या बायकांना नवं काही शिकवायचं होतं, आणि शिकवायला काचवालीला घ्यावं असं दोघी-तिघींचं म्हणणं होतं. गटाची अध्यक्ष मी. मी वयानं मोठी, घरची शेती मोठी, एवढंच कारण. मी म्हटलं, आधी माझ्या घरी सगळ्यांसमोर करून दाखवू दे. चांगलं झालं तर शिकवू दे. काचवालीचा चेहरा उजळलेला मी पाहिला. ती आमच्या गावात शिकवणारी बाई होणार होती. त्या वस्तीतून आमच्या आळीत येऊन आजवर कोणी आम्हाला काही शिकवलं नव्हतं.

तिनं चार दिवस झालर उन्हात वाळवून घेतली. टोकाच्या चार लोंब्या कात्रीनं कापल्या. मी ओरडले. ती म्हणाली, आधी या चारांवर घरी करून पाहते, मगच मोठीला हात लावते. दोन दिवसांनी माझ्या ओसरीवर लाकडी चौकट मांडली, आतून चिकटपट्टी लावली, झालर तीत निजवली. आठ-दहा बायका बसून पाहत होत्या. तिनं मोजलं, ढवळलं, ओतलं. वर आलेले बुडबुडे लायटरच्या जाळानं फोडले. झालर तळ्याच्या स्वच्छ पाण्यात बुडाल्यासारखी दिसायला लागली. मग तिनं चौकटीवर प्लॅस्टिकचं टोपलं पालथं घातलं आणि मला म्हणाली, "उद्या या टायमापर्यंत उघडू नोका. ते आपल्याच चालीनं गोठते."

ती गेली. बायका गेल्या. दिवेलागणीला मी देवाजवळ दिवा लावला आणि माझ्या मनात आलं, ही झालर उद्या परत इथंच देवाशेजारी जाणार. तिला त्या वस्तीतल्या बाईचे हात लागलेत. माझ्या सासूची रीत होती, तिकडच्या माणसाचा हात लागलेली वस्तू देवघरात न्यायची तर तुळशीच्या पानानं पाणी शिंपडायचं, पाण्यात दोन थेंब गोमूत्र. मी चाळीस वर्षं ते करत आले होते. गहू दळून आणले तरी, सुपं विकत घेतली तरी. मी तांब्या घेतला, टोपलं उचललं, तीनदा शिंपडलं आणि टोपलं पुन्हा ठेवलं. मला त्यात काही वाईट वाटलं नाही. तिनं पाण्याबद्दल शंभरदा सांगितलेलं मला आठवलंही नाही. देवाचं पाणी हे मला पाणी वाटतच नव्हतं. रात्री मी नीट झोपले.

दुसऱ्या दिवशी बायका पुन्हा जमल्या. काचवाली इस्त्रीचं लुगडं नेसून आली होती. तिनं टोपलं उचललं.

वरचा थर पेजेसारखा पांढरा झाला होता. त्यात देवीच्या व्रणांसारखे खड्डे. बोट लावलं तर चिकटत होतं. झालर आत कुठं तरी धूसर दिसत होती. काचवाली गुडघ्यावर बसली, तोंड अगदी जवळ नेलं. मी तिच्यामागेच उभी होते, म्हणून तिला दिसलं ते मलाही दिसलं. एका खड्ड्याच्या कडेला तुळशीच्या पानाचा हिरवा तुकडा चिकटला होता. नखाएवढा. तिनं मान वर करून उघड्या दारातून माझ्या देवघराकडे पाहिलं. तिथं तांब्या होता. मग माझ्याकडे पाहिलं.

"पाणी पडलं का, पाटलीणबाई?"

मी म्हटलं, "पाणी कोण पाडन? तुझंच माप चुकलं असन."

मला वाटलं, आता ती बोट दाखवेल. एक बोट दाखवायचं होतं फक्त. मी मनात उत्तर जुळवत होते, वाऱ्यानं पान उडून आलं असेल म्हणून. तिनं अंगठ्याच्या नखानं तो तुकडा उचलला, पदराच्या टोकाला पुसला आणि म्हणाली, "असन. माप चुकलं असन."

मालकांची झालर गेली म्हणून मी त्यानंतर जे बोलले ते इथं लिहीत नाही. ते सगळं तिला उद्देशून होतं आणि सगळ्यांच्या देखत होतं. तिनं ऐकून घेतलं, चौकट पुसली, सामान पिशवीत भरलं. जाताना म्हणाली, नुकसान झालं खरं. सरू नावाची आमच्या गटातली बाई तोंडानं फटकळ. काचवाली पायरी उतरण्याआधीच सरू म्हणाली, काचवालीची काच फुटली. बायका हसल्या. मीही हसले. शिकवायचा विषय त्याच दिवशी संपला. पुढं नावाच्या पाट्याही लोक तालुक्याहून आणायला लागले. माप न येणारी बाई, असं तिचं नाव झालं. ज्या बाईला एक थेंब जास्त चालत नव्हता तिचं.

दिवाळीआधी ती गाव सोडून गोंदियाला जायला निघाली. निघायच्या दिवशी सकाळी माझ्याकडे आली. पिशवीतून कापडात गुंडाळलेली एक चकती काढली. तळहाताएवढी, गोल, आरपार स्वच्छ. आत चार लोंब्या. वीण कापली होती तिथं मालकांच्या हातची शेवटची गाठ जशीच्या तशी दिसत होती. तिनं घरी करून पाहायला नेलेल्या त्या चार.

मी आत जाऊन चहा केला आणि घरच्या चांगल्या कपबशीत आणून तिच्यापुढे ठेवला. माझ्या हातून तसं पहिल्यांदाच होत होतं आणि ते तिलाही कळत होतं. तिनं पिशवीतून आपला गिलास काढला, कपातला चहा त्यात ओतला, प्याली. मग गिलास आमच्या नळावर स्वतः विसळून पिशवीत ठेवला. उठताना चकतीकडे बोट करून म्हणाली, "आता इच्यावर कितीबी शिंपडा, पाटलीणबाई. पक्की गोठली आहे."

आवाजात राग नव्हता. दुकानदार माल देताना सांगतो तसं सांगितलं. मी तिला पोचवायला फाटकापर्यंतसुद्धा गेले नाही.

चकती देवाशेजारी ठेवली आहे. शिंपडली नाही. त्याला आता काही अर्थ नाही, हे मलाही समजतं.

गटातल्या बायकांना सांगायला मला दीड वर्ष लागलं. दर बैठकीला ठरवून जायची आणि हजेरी घेऊन परत यायची. शेवटी एकदा सांगितलं. पाणी मी शिंपडलं, पान मी पाहिलं, माप तिचं बरोबर होतं. वाटलं होतं, कोणी तरी मला दोन शब्द सुनावेल. निदान सरू तरी.

सरूनं माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाली, "जाऊ द्या व बाई. एवढं कायले मनाले लावून घेता? आम्हीबी तेच केलं असतं." बाकीच्यांनी माना हलवल्या. एकीनं चहा आणला. दोन मिनिटांत विषय रेशनच्या साखरेवर गेला.

त्या दिवशी तिनं तो पानाचा तुकडा उचलून पदराला का पुसला, हे मला तिथं चहा पिताना कळलं. आम्ही दहा जणी होतो. दाखवून ती दाखवणार कोणाला होती?