शेवटच्या इनिंगला

मुलीच्या बेसबॉल टीमचा मी कोच झालो, कारण दुसरं कुणी तयार नव्हतं. त्या शनिवारी ऑस्ट्रेलियातल्या आमच्या टूनगॅबीच्या ग्राउंडवर शेवटच्या इनिंगपर्यंत ती झकास बॉल टाकत होती. आम्ही एका रनने पुढे होतो. तरी मी तिला काढलं आणि दुसऱ्या मुलाला पिचिंगला आणलं. त्यात डावपेच वगैरे काही नव्हते. कोच स्वतःच्याच मुलीला खेळवतो असं बाकीचे आईबाप म्हणतील, याला मी घाबरलो. तिला मात्र सांगितलं, "दमलीस तू." आम्ही हरलो.

दुपारी घरी मी जपानची मॅच लावली. तिथलं घड्याळ इथल्यापेक्षा जरासंच मागे, म्हणून नेहमी बघतो. ती शेजारी मोबाइल घेऊन बसली होती. तिच्याकडे बघायचं मी टाळत होतो. शेवटच्या इनिंगला तिथल्या मॅनेजरने एकही रन न दिलेल्या पिचरला बाहेर काढलं. माझं डोकंच फिरलं.

"अरे मूर्खा, चांगला टाकत होता ना तो! काढलास कशाला?"

मान वर न करता ती म्हणाली, "मेबी द मॅनेजर इज हिज डॅड."