शेपटीवाला ळ

गफारची गोष्ट सांगायची तर आधी कबूल करतो, त्याचं बरं झालेलं मला कधी बघवलं न्हाय. लोक म्हणतात, तुमी दोस्त. हावच की. पण पोटात दुखायचं ते दुखतंच.

येडशीच्या जंगलात आमी दोघं अकरा वर्षं वनखात्याच्या रोजंदारीवर. गफारचा बाप रेल्वे फाटकावर होता. दोन गाड्यांच्या मधी हा पोरगा फाटकावर बसून पाखरं ऐकायचा. उर्दू शाळेत चौथीपर्यंत गेला, पुढचं सगळं पाखरांकडून शिकला म्हणा. डोळे मिटून सांगतो, "तांबट. त्या वडावर. दोन हायत." म्या डोळे फाडफाडून बघतो, तर मला नुसता वड दिसतो.

त्याला मराठी लिहिता येत न्हाय, म्हणून पाखरांचं रजिस्टर माझ्याकडं. त्यानं सांगायचं, म्या लिहायचं. माझं अक्षर चांगलं हाय, उगं सांगत न्हाय. फक्त ळ काढला की खाली लांब शेपूट सुटतं. मास्तरांनी छड्या मारल्या तरी ती खोड गेली न्हाय. गफार मराठीतलं तेवढं एकच अक्षर वळखतो. पानावर बोट ठेवून हसतो, "हा लिंब्याचा ळ. शेपटावरनं कळतंय."

पाखरं बघायला पावणे येतात ते सगळे त्याच्याभोवती. गफारमामा इकडं बघा, गफारमामा ते कोणतं पाखरू? मागं रजिस्टर धरून उभा असलेला माणूस कोण, हे अकरा वर्षांत एकानं विचारलं न्हाय. पेपरात फोटो आला, त्यात माझं कोपर आलंय. आमच्या बायकोनं ते कात्रण भिंतीला चिकटवलं अन् म्हणाली, "गफारभाऊ किती छान दिसतात!" दोन दिवस म्या तिच्याशी बोललो न्हाय.

औंदा फाल्गुनात, पळस फुलला तवा, कॉलेजच्या चैतालीमॅडम आल्या अन् गफारला बाजूला घेऊन कायतरी शिकवून गेल्या. मला हाक न्हाय. तवापासून हा गडी उजाडताना आधी विश्रामगृहाच्या मागं जायचा. तिथं दोरीवर पांढरी चादर, वर एक दिवा. म्या विचारलं, "काय चाललंय रे?"

"पक्कं होऊ दे लिंब्या, मग सांगतो."

माझ्यापासून लपवतोय! अंगाचा नुसता तिळपापड झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीआडून ऐकलं. घरी बायकोशी, हमिदाबीशी, फोनवर बोलत होता, "रात कू चालीस परवाने आए. गिनके छोड देतूं, फिर आतूं."

परवाने! लाकूडतोडीचे न्हाईतर चराईचे, दुसरे कसले असणार? रोजचे चाळीस परवाने सोडतोय, अन् अकरा वर्षांच्या दोस्ताला पत्ता न्हाय! घरी येऊन निनावी अर्ज लिहिला. 'गफार हा मजूर विश्रामगृहामागं बेकायदा परवाने सोडतो. रोज चाळीस.' जंगलाची काळजी म्हणून न्हाय लिहिला. जळून लिहिला. त्याची रोजंदारी जाईल हे ठाऊक होतं, तरी साहेबांच्या हापिसातल्या तक्रारपेटीत टाकला.

तिसऱ्या दिवशी उजाडताच साहेबांची जीप आली. चैतालीमॅडम त्या दिवशी मोजणीला आल्याच होत्या. साहेब जीपमधून उतरता उतरता गरजले, "परवाने कुठायत?"

गफारचा चेहरा असा फुलला की बास. "या की साहेब, बिगीनं या. ऊन चढलं की उडून जातील!"

चादरीवर पतंग बसले होते, दिव्याला आलेले. एक वाळक्या पानासारखा, एक कवळ्या लिंबाच्या पाल्याच्या रंगाचा, बारके तर किती. "बघा, चाळीसच्या वर हायत," गफार म्हणाला.

"अरे, परवाने कुठायत?"

"हेच की परवाने!"

मॅडम हसत सुटल्या. "साहेब, उर्दूत पतंगाला परवानाच म्हणतात."

मग साहेबही पोट धरून हसले. म्याही हसलो, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं. साहेबांनी गफारच्या पाठीवर थाप मारली, चादरीपुढं उभं करून फोटो काढला. करायला गेलो गणपती अन् झाला मारुती! या फोटोत माझं कोपरसुद्धा न्हाय.

तेवढ्यात साहेबांनी खिशातला अर्ज काढला. "पण हे लिहिलं कुणी? गफार, अक्षर वळखतोस का?"

गफार कागदावर वाकला. रजिस्टर माझ्या काखेत. त्याचं बोट ओळीवरनं सरकत 'चाळीस'वर आलं अन् थांबलं. म्या रजिस्टर पाठीमागं लपवलं. एक शब्द बोलला असता तर माझी रोजंदारी तिथंच संपली असती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"न्हाय साहेब," गफार म्हणाला. "मला कुठं मराठी येतं?"

जीप गेल्यावर मॅडम म्हणाल्या, "आता परवान्यांचीही वही करू. लिंबाजीभाऊ लिहितील ना?"

"न्हाय मॅडम, ती म्या लिहितो. उर्दूत." मग गफार माझ्याकडं न बघता म्हणाला, "नवी वही आणून ठेवली व्हती. म्हणलं, नावं पक्की झाली की लिंब्याच्या हातानं लिहू."

आता रोज सकाळी तो चादरीपुढं बसून उजवीकडनं डावीकडं लिहितो. म्या लांब उभा राहतो. माणसावर जळायचं झालं, आता त्या वहीवर जळतोय.

काल पाखरं मोजताना हिय्या केला. म्हणलं, "गफार, त्या अर्जाचं..."

त्यानं हात वर केला. कान दिला. "हळद्या. एक. लिही."

म्या लिहिलं. जन्मात पहिल्यांदा ळ आखडून काढला, शाळेतल्या पुस्तकासारखा. गफार खांद्यावरनं वाकला, पान बघितलं.

"शेपूट कुठाय?" म्हणाला. "लाव की. न्हायतर तू हायस हे मला कळावं कसं?"