चपला उलट्या करून पाहणारी बाई

रुग्ण दाराशी आला, की त्याचे तोंड पाहण्याआधी ती त्याची चप्पल उचलून उलटी करी. तळ कोठे झिजला आहे ते उजेडाकडे धरून पाही आणि म्हणे, "या साईं. डावा खुबा ना? पुष्कळ दिवसांचा दिसतो." रुग्ण अजून नमस्कारच करीत असे.

माझी चप्पल तिने अशी प्रथम उचलली, तेव्हा मी संकोचाने मागे सरलो. आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकविलेला मी. माझ्या पायांना इतरांचे हात लागण्याची सवय होती, पादत्राणांना नव्हती.

ही नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. आमच्या अंबरनाथचे शिवमंदिर आपण पाहिले असेल, तर ठाऊक असेल, की तेथे देवाजवळ जाण्यासाठी गाभाऱ्यात वीस-एक पायऱ्या उतराव्या लागतात. खुब्याच्या दुखण्याने त्या पायऱ्या मला दोन वर्षे बंद झाल्या होत्या. दर सोमवारी वरूनच हात जोडून परतत असे. मुलगा म्हणे, "बाबा, महाशिवरात्रीला खुर्चीत बसवून दोघं जण खाली नेऊ." परंतु मी काही पालखीतला देव नव्हतो. स्वतःच्या पायांनी उतरावे, एवढीच इच्छा उरली होती.

आळीतील हितचिंतकांनी तोवर आपापले उपाय माझ्यावर करून पाहिले होते. तांब्याचे कडे झाले, बदलापूरकडच्या वैदूचे तेल झाले. विश्रांती या उपायावर मात्र सर्वांचे एकमत होते. तो मलाही मान्य होता.

ही सिंधी बाई उल्हासनगरात भावाच्या परकरांच्या दुकानामागे व्यायामाने सांधे बरे करी. कंबर धरून आलेल्या प्रतिष्ठित मंडळींना टांगलेल्या परकरांतून वाट काढीत आत जावे लागे. तेवढ्यात अर्धी प्रतिष्ठा बाहेर राही. आत एक लाकडी बाक, एक उशी आणि परकराच्या इलॅस्टिकची रुंद पट्टी. ती पट्टी गुडघ्यांवर बांधून कुशीवर निजायचे आणि पावले जुळलेली ठेवून वरचा गुडघा उघडायचा. मग उताणे होऊन कंबर उचलायची. सकाळी दहा वेळा, संध्याकाळी दहा वेळा.

"दहाच?" मी विचारले. धर्मकार्यात एवढ्या लहान संख्येची मला सवय नव्हती.

"साईं, दहा म्हणजे दहा."

पंधरवडाभर मी नेमाने केले. पुढे घरी पाहुणे आले आणि अकरा दिवस खंड पडला. पारायणात खंड पडल्यास राहिलेले अध्याय एका बैठकीत वाचून पुरे करावेत, हा आमच्या घरचा नेम. त्याच श्रद्धेने एका सोमवारी स्नान करून मी राहिलेले अकराही दिवस एका बैठकीत पुरे केले. सांगता यथासांग झाली. यजमानास मात्र उठता येईना.

मला उठविताना पत्नी म्हणाली, "देव चालवून घेतो हो. खुबा नाही घेत."

चार दिवसांनी परकरांतून पुन्हा आत गेलो. बाईने सारे ऐकून घेतले. ती हसली नाही, हे तिचे उपकार.

"अकरा दिवसांचं जेवण एका दिवशी जेवता का?"

"नाही."

"मग? गेले ते गेले. आजचे दहा करा."

इतक्या वर्षांच्या अध्ययनात प्रायश्चित्ताची एवढी सोपी व्यवस्था मला आढळली नव्हती.

थंडी सरताना तिने पायऱ्या शिकवायला घेतल्या. दुकानाच्या दोन पायऱ्यांवर, गिऱ्हाइकांच्या देखत. "उतरताना दुखरा पाय आधी. चढताना चांगला."

"दुखरा डावा आहे," मी म्हणालो. "गाभाऱ्यात जाताना उजवा पाय आधी टाकतात."

"टाका. पडलात तर दोन्ही एकदम जातील."

मी तीन दिवस घरातील ग्रंथ चाळले. खुब्याविषयी कोणीही काही लिहून ठेवलेले नव्हते.

महाशिवरात्रीला भिंतीवर हात टेकून मी पहिल्या पायरीशी उभा राहिलो. उभाच राहिलो. मागून कोणी म्हणाले, "आजोबा, उतरा ना, लाईन थांबलीय." डावा पाय खाली गेला. उजवा त्याच्याशेजारी आला. पुन्हा डावा. असे करीत पिंडीपाशी पोहोचलो, तेव्हा बेल वाहताना काय मागायचे होते, ते आठवेना.

पुढल्या आठवड्यात मी उल्हासनगरला गेलो. दोन्ही चपलांचे तळ आता सारखे झिजत होते. ते तिला दाखवायचे होते. परकर होते तसेच होते. आतला बाक भिंतीशी उभा करून ठेवला होता.

भाऊ म्हणाला, "दीदी गेली भाचीकडे, अहमदाबादला. उभंच राहवत नव्हतं तिला. सालभर दुखणं अंगावर काढलं."

"कोणाला दाखवलं नाही?"

"कोणाला दाखवणार, मास्तर? सगळे तिलाच दाखवायचे."

तिची जुनी चप्पल दाराशीच राहिली होती. तिने शिकविल्याप्रमाणे एक हात चौकटीवर ठेवून मी वाकलो आणि ती उलटी केली. टाच बाहेरच्या अंगाने झिजून कागदासारखी झाली होती. सहा-सात महिने मी माझी चप्पल तिच्याच शेजारी काढून ठेवीत होतो.