सव्वा मूठ गहू

धुळ्याला मास्तरकी करत होतो तेव्हा मी स्वतःला सर्वधर्मी म्हणवून घ्यायचो. दर रविवारी आम्ही चार-पाच शिक्षक एका वकिलांच्या ओसरीवर जमायचो. कधी वेदान्तावर, कधी बुद्धावर, कधी सुफी फकिरांवर बोलणं व्हायचं आणि शेवटी चहा. ‘सगळे धर्म सारखेच’ हे मी तिथं मोठ्या तोऱ्यात सांगायचो. सारखे म्हणणं सोपं असतं. त्यासाठी कुणाच्याच उंबऱ्यावर चपला काढाव्या लागत नाहीत.

स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली होती. साहेब लोक गेले तरी गावाबाहेरच्या मिशनच्या बंगल्यात परदेशी मंडळी होतीच. त्यांच्यात एक नवीन बाई आली. तिला दवाखान्यात काम करायचं होतं, पण त्याआधी मराठीची परीक्षा द्यायला लागणार होती. तिला शिकवायला रोज सकाळी शाळेआधी मी जाऊ लागलो. बंगल्यात मला सगळे ‘पंडितजी’ म्हणत. पारोळ्याजवळच्या कापूस पिकवणाऱ्या घरातला मी. आईला हे सांगितलं तेव्हा ती तोंडाला पदर लावून हसली होती.

बाईचं क्रमिक पुस्तक म्हणजे त्यांचं शुभवर्तमान, येशूच्या आयुष्याची गोष्ट. तिनं एक ओळ वाचायची, मी उच्चार सुधारायचा, तिनं परत वाचायची. एकेक पान आठ-आठ दिवस चाले. इतक्या सावकाश मी जन्मात काही वाचलं नव्हतं. व्याख्यानासाठी वाचताना आपण पुस्तकातून हवं ते उचलतो आणि चालू लागतो. इथं उचलायला काही नव्हतं. तीच ओळ, तोच माणूस, पुन्हा पुन्हा. जेवायला बसलेला, पाव मोडून देणारा, आणि उद्या आपल्याला धरून नेणार हे ठाऊक असूनही पंगत न मोडणारा.

परीक्षेसाठी तिला एक गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगायची होती. तिनं निवडली ती येशूच्या त्या मित्राची, ज्याला अंगणातल्या शेकोटीपाशी लोक विचारतात, तू त्याच्याबरोबरचा ना, आणि तो तीनदा म्हणतो, मी त्याला ओळखत नाही. मग कोंबडा आरवतो, आणि येशूनं हे आधीच सांगितलं होतं ते त्याला आठवतं. महिनाभर आम्ही ती गोष्ट घोटली. बाईनं एकदा विचारलं, “पंडितजी, या माणसाला मराठीत काय म्हणतात?” मी लगेच म्हणालो, “भित्रा.” तिनं तो शब्द वहीत लिहून घेतला.

त्या दिवसांत मला एक सवय लागली. ती मी कुणालाच सांगितली नव्हती. पहाटे उठून खोलीत पंधरा-वीस मिनिटं डोळे मिटून बसायचो आणि त्या जेवणाच्या पंगतीत मनानं जाऊन बसायचो. पुढं नाही, दाराशी. बोलायचो नाही, मागायचो नाही. नुसतं बसायचो. तो माझ्याकडे बघायचा की नाही हे सांगता येत नाही, पण आपण इथं चालतो, असं वाटायचं. वडील गेल्यापासून मला तसं कुठंच वाटलं नव्हतं. रविवारच्या ओसरीवर मग माझं मन लागेना.

शेवटी धीर करून मी मिशनच्या चर्चमधल्या पाळकसाहेबांना भेटलो. ते नगरकडचे, साधे आणि सरळ गृहस्थ होते. म्हटलं, तुमच्या प्रार्थनेत जो पाव वाटता, तो मला मिळेल का? त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, “बाप्तिस्मा घ्यायचा विचार आहे?”

मी म्हणालो, “नाही. त्याच्यावर माझा जीव आहे. पण त्यासाठी मी माझं घर सोडणार नाही.”

ते म्हणाले, “मग नाही देता येणार, गुरुजी. नियम मी केलेला नाही, पण मोडणार मी नाही.”

मला भयंकर राग आला. सायकल दामटत खोलीवर येताना मनात मोठं भाषण तयार केलं: देवाच्या ताटाला कुलूप लावणारे तुम्ही कोण, वगैरे. ते निम्म्यावर आलं आणि मला कानबाईचे रोट आठवले. मग भाषण तिथंच बसलं.

आमच्या खानदेशात श्रावणात घरोघरी कानबाई ही देवी बसते. तिच्या नैवेद्याला रोट, म्हणजे जाडसर पोळ्या, असतात. त्यासाठी कुळातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घालायचे, ते सगळे एकत्र दळायचे आणि त्याच पिठाचे रोट करायचे. ते खायचे फक्त भाऊबंदांनी. परक्याला त्यातला तुकडाही द्यायचा नाही. उष्टं टाकायचं नाही. खाल्ल्यावर हात धुतलेलं पाणीसुद्धा कुणी ओलांडू नये म्हणून परसातल्या खड्ड्यात जातं. माझी सख्खी बहीण लग्नानंतर एकदा कानबाईला आली होती. तिच्या देखत मी रोट खाल्ला आणि ती भिंतीकडे तोंड करून गंगाफळ चिरत बसली. तेव्हा मला कुलूप दिसलं नव्हतं, कारण मी आतल्या बाजूला होतो.

त्याच वर्षी श्रावणात घरी गेलो. शनिवारी सकाळी अंगणात गहू निवडायचं काम चाललं होतं. आई सूप घेऊन बसली होती, चुलत्या होत्या. बाजेवर नाना होते. नाना म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. वडिलांमागे घराचा शब्द त्यांचाच. त्यांचा चेहरा पाहिला आणि मी समजलो. पारोळ्याच्या बाजारात कुणीतरी त्यांना सगळं सांगितलं होतं.

“तू बाटना का?” नानांनी विचारलं.

“नही, नाना.” हे खरं होतं.

“मंग रोज त्यासना बंगलामा कसाले जास?”

“भाषा शिकाडस. दुसरं काहीच नही.” हे निम्मं खरं होतं.

सुपांचा आवाज थांबला होता. नाना उठून बसले. “लोके म्हनतस, तू त्यासना पाव मांगा. त्या येशूले तू मानस का? या गहूवर हात ठेव आन सांग. नही ते तुना नावनी मूठ पडाव नही.”

मूठ पडली नाही म्हणजे माणूस कुळातून गेला. मी तर धुळ्याला होतो, मला कोण काय म्हणणार होतं? पण आईला त्याच गल्लीत, त्याच भाऊबंदांत एकटीनं दिवस काढायचे होते. आज मी असं म्हणतो. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला आईची आठवणही नव्हती. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मला भीती वाटली, एवढंच.

मी गव्हाच्या राशीवर हात ठेवला. “मानस? नाना, मी त्याले वळखस बी नही.”

नानांचा चेहरा मोकळा झाला. “घाला मंग त्याना नावनी मूठ,” ते म्हणाले आणि परत आडवे झाले. आईनं मान हलवली आणि सूप पाखडत राहिली. कोंबडा काही आरवला नाही. आमच्या गल्लीत कुणी कोंबड्या पाळत नव्हतं. तळहाताला गव्हाचा कोंडा चिकटला होता, तो मी धोतराला पुसला आणि मगच मला कळलं की मी काय बोललो. महिनाभर बसून मीच ती गोष्ट घोटून घेतली होती. त्या माणसाला मराठीत काय म्हणतात हेही मीच सांगितलं होतं.

ते दोन दिवस मी कसे काढले ते मला ठाऊक. रविवारी कानबाई बसली, सोमवारी वाजतगाजत नदीवर गेली. त्या दोन्ही पहाटे मी डोळे मिटून बसायचा प्रयत्न केला, पण त्या दाराशी जायची लाज वाटली. विसर्जनानंतर दुपारी भाऊबंद रोट खायला बसले. माझ्या पुढ्यात रोट आला, गंगाफळाची भाजी आली, खीर आली. सगळ्यांनी घास मोडला. माझा हात पुढं होईना. खोटं बोलून मिळवलेला रोट होता तो. पोटात दुखतंय म्हणून मी उठलो आणि परसात त्या खड्ड्यापाशी जाऊन उभा राहिलो.

थोड्या वेळानं आई आली. रोट पुढं ठेवून उठणं आमच्यात फार वाईट, पण ती रागावली नाही. तिच्यासमोर मी सगळं ओकून टाकलं. पावाचं, पहाटेचं, आणि मी त्या माणसाला ओळखतो तेही. म्हटलं, बाटलो नाही, बाटणारही नाही, पण माझं मन तिथं आहे. नानांपुढं मी खोटं बोललो, म्हणून मूठ पडली. हा रोट माझा नाही.

आईला यातलं किती समजलं, मला सांगता येणार नाही. तिनं येशूचं नावसुद्धा घेतलं नाही. ती खड्ड्याजवळ माझ्या शेजारी उभी राहिली आणि चिडल्यासारखी म्हणाली, “तुनी मूठ मी सकायमाच घाली व्हती. नाना उठनात त्याना पहिले.”

मी वळून तिच्याकडे पाहिलं.

“पोऱ्याना नावनी मूठ काय त्याले ईचारीसन घालतस का?” ती म्हणाली. “चाल. रोट थंडा व्हई राहयना.”

मी तिथंच, खड्ड्याच्या कडेला, लहान पोरासारखा रडलो. खोटं बोलायची गरजच नव्हती, याचं रडू होतं. ज्याच्यासाठी मी त्याला नाकारलं ते मला आधीच मिळालेलं होतं. आईनं तांब्यातलं पाणी माझ्या हातावर घातलं. मी तोंड धुतलं.

नानांना मी खरं कधीच सांगितलं नाही. तेवढा शूर मी पुढंही झालो नाही. बाप्तिस्मा घेतला नाही, तो पाव पुन्हा मागितला नाही. बाई परीक्षा पास झाली. पाळकसाहेब पुढं भेटले की तब्येत विचारायचे, आणि त्यांच्यावरचा माझा राग गेला होता.

त्या दुपारी मी पंगतीत परत जाऊन बसलो. पानावर माशी बसू नये म्हणून कुणीतरी माझ्या रोटावर दुसरं पान झाकून ठेवलं होतं. मी ते काढलं, रोट मोडला आणि पहिला घास तोंडात घालण्याआधी मनातल्या मनात त्याला म्हणालो, तुला ओळखतो.