गाडीत नेहमी एकच वाजलेला असायचा

नवरा गेल्यावर त्याची गाडी मी चालवायला घेतली, तीही रविवारपुरतीच. सासूबाईंना डोंबिवलीहून ठाण्याला, वर्तकनगरच्या विहारात न्यायचं. आम्ही आधी तिथेच राहायचो आणि आईंच्या सगळ्या मैत्रिणी अजून तिथेच आहेत. मुलगा गेल्यापासून त्या घराबाहेर पडायच्या त्या एवढ्याच. बाकीचे सहा दिवस खिडकीशी. मी बँकेत जायचे, यायचे, भाजी निवडायचे. कशी आहेस, असं कोणी विचारलं की ठीक म्हणायचे. खोटं नव्हतं ते. मला खरंच काही वाटत नव्हतं.

गाडीची चावी फिरवली की रेडिओतल्या पेनड्राइव्हवरची बुद्धवंदना सुरू व्हायची आणि मागच्या सीटवर आई हात जोडायच्या. वंदना संपेपर्यंत हात जोडलेलेच. मध्ये कोणी बोलायचं नाही, मध्येच बंद करायची नाही. हे आमच्या घरात कुणाला सांगावं लागत नाही. रेडिओचं घड्याळ मात्र कायम चुकलेलं. सकाळ असो, संध्याकाळ असो, गाडी चालू केली की एक वाजलेला. किती मागे लागलेले मी नवऱ्याच्या, अरे बाबा, ते घड्याळ एकदा लाव. तो म्हणायचा, "राहू दे गं." आळशी माणूस, असंच मी धरून चाललेले.

दिवाळीच्या सुमारास रेडिओ बिघडला. खड्डा आला की बंद, लगेच पुन्हा चालू, आणि वंदना पहिल्यापासून. आमच्या रस्त्यांवर खड्डे काय शोधावे लागतात? माणकोलीच्या पुलापर्यंत पोचेस्तोवर ती नऊ वेळा सुरू झाली. दर वेळी आई हात खाली घ्यायच्या आणि पुन्हा जोडायच्या. एकदाही कुरकुर नाही. डोकं फिरलं ते माझं. मी पेनड्राइव्ह उपटला आणि म्हटलं, आई, आज नको. पूल संपला. मग त्या म्हणाल्या, गाडी फिरव, घरी जाऊ.

पुढचे दोन रविवार त्या आल्याच नाहीत. खिडकीशी बसायचे दिवस सहाचे सात झाले. जेवणही अर्ध्यावर आलं. ही बाई आता उठणारच नाही की काय, अशी मला भीती वाटली. बऱ्याच महिन्यांनी मला काहीतरी वाटलं, ते हे.

तिसऱ्या रविवारी, आज रेडिओ नीट करते असं कबूल करून त्यांना गाडीत बसवलं. विहारात सोडलं आणि माजिवड्याला गाडीच्या सामानाच्या दुकानात गेले. दुकानदाराने स्वतःचा पेनड्राइव्ह लावून पाहिला, फ्यूज पाहिला, मग रेडिओ बाहेर ओढून मागच्या वायरी एकेक करून हलवल्या. शेवटी डबीवर टिचकी मारली तसा रेडिओ बंद पडला. आतूनच गेलाय, म्हणाला, नवीन टाकावा लागेल. टाका म्हटलं.

जुन्या वायरी सोडवताना तो थांबला. म्हणाला, ताई, हे आधी कोणी जोडलंय? पिवळी वायर थेट बॅटरीला जाते, त्यामुळे गाडी बंद असली तरी रेडिओला सगळं लक्षात राहतं. इथे पिवळीही चावीच्याच वायरीला बांधून टाकलेली. चावी काढली की रेडिओ सगळं विसरणार. वेळ, स्टेशन, गाणं कुठवर आलेलं तेसुद्धा. मी म्हटलं, नवऱ्यानेच बसवलेला. तो म्हणाला, सरळ करून देतो. करा म्हटलं. घड्याळही लावून दिलं त्याने. अकरा वीस.

विहारापाशी आई गाडीत बसल्या. मी चावी फिरवली. वंदना सुरू झाली ती मधूनच, दुकानातून येताना जिथवर आलेली तिथून. आईंचे हात अर्ध्यावर थांबले.

"अर्ध्यातून लावलीस गं?"

मी म्हटलं, मी नाही लावली आई, ती आपोआप लागते.

"अर्ध्यातून लावू नये. त्याला मी एकदाच सांगितलेलं, गाडी नवीन होती तेव्हा. नंतर कधी अर्ध्यातून लागली नाही."

त्यांनी हात मांडीवर ठेवले आणि काचेबाहेर बघत बसल्या. मी स्टिअरिंग धरून तशीच. एवढ्या वर्षांत वंदना पहिल्यापासून लावायला त्याला रेडिओला हात लावताना मी पाहिलं नव्हतं. घड्याळावरून मी त्याला इतकं बोलले, आणि हा माणूस एका शब्दाने सांगू शकला नाही? मला त्याचा भयंकर राग आला. गेल्यापासून पहिल्यांदा.

आईंना घेऊनच परत माजिवड्याला गेले. दुकानदाराला म्हटलं, "होतं तसंच जोडा."

तो म्हणाला, ताई, रोज टाइम जाईल, स्टेशनं राहणार नाहीत. मी म्हटलं, जाऊ देत. त्याने मान हलवत पिवळी वायर पुन्हा चावीच्या वायरीला बांधली. मी गाडी चालू केली. एक वाजला. पेनड्राइव्ह वाचायला रेडिओला दोन-चार सेकंद लागतात, तेवढ्यात त्याने खिडकीतून हात आत घातला. घड्याळ तेवढं लावतो, म्हणाला.

"राहू दे," मी म्हटलं.

वंदना पहिल्यापासून सुरू झाली. मागे आईंनी हात जोडले. मी गाडी जागेवरच ठेवली, कारण मला समोरचं काही दिसत नव्हतं.