निशाला ऐकू न आलेला प्रतिध्वनी

दोन हजार एकोणीसच्या मे महिन्यात मुकुंदवाडीत टँकर आठवड्यातून एकदा यायचा. त्या रांगेत ड्रम पुढं सरकवतानाच निशाला कळलं, की रविवारी विहारात आपला सत्कार ठरलाय.

निशा विद्यापीठात भौतिकशास्त्राची पीएच.डी. करत होती आणि एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होती. वडील अप्पाराव गवंडी. बायपासच्या पलीकडं शहर पसरत चाललेलं, तिथल्या नव्या इमारतींवर त्यांचं काम. पाण्यावाचून काम थांबलं की ते घरी बसत आणि लेकीला तिच्या अभ्यासाचं विचारत.

तिनं त्यांना समजावलं होतं. दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की अवकाशालाच हिसका बसतो आणि त्याच्या लाटा इथल्या यंत्रांत नोंदल्या जातात. कृष्णविवराला एक सीमा असते. तिच्या आत गेलेलं काही परत येत नाही. पण काही जणांना शंका आहे, की ही कृष्णविवरं नसतीलच. तसेच जड, पण सीमा नसलेले गोळे असतील. तसं असेल तर लाटेचा थोडा भाग आतून परतेल आणि मागोमाग बारीक प्रतिध्वनी येतील.

"म्हंजी रिकाम्या फ्लॅटात हाक मारल्यावानी," अप्पाराव म्हणाले होते.

"व्हय, तसंच."

एप्रिलमध्ये सर्वांसाठी खुल्या असलेल्या नोंदींत तिला तसे प्रतिध्वनी दिसले. एका टकरीनंतर, ठरावीक अंतरानं, तीनदा. हरखून तिनं घरी सांगितलं आणि अप्पारावांनी साऱ्या वस्तीला.

तिचे मार्गदर्शक सर मात्र एवढंच म्हणाले, "जिथं टकर झालीच नाही, त्या नोंदींतही शोधून बघ."

तिनं असे शंभर तुकडे तपासले. चौदांत तसेच प्रतिध्वनी निघाले. म्हणजे तिला दिसलेलं नुसत्या यंत्राच्या खरखरीतूनही उमटू शकत होतं; त्याला पुरावा म्हणता येत नव्हतं. हे कळून दोनच दिवस झाले होते आणि घरी सांगायचा तिला धीर होत नव्हता.

ड्रम भरून घरी आल्यावर ती म्हणाली, "अप्पा, सत्कार नको. ते खरं ठरलं नाय."

अप्पारावांनी ड्रमवर झाकण ठेवलं. "खोटं बोलली व्हतीस का?"

"नाय. चुकले."

"मंग तेच सांग की लोकायला."

रविवारी विहारात जय भीम करून ती उभी राहिली आणि सगळं सरळ सांगून टाकलं. मग पुढच्या ओळीतल्या म्हाताऱ्या गोजरबाईनं विचारलं, "मंग ती कृष्णविवरंच हायत म्हन की."

"तसंबी म्हणता येत नाय, आजी. प्रतिध्वनी असलाच तर आजच्या यंत्रांना ऐकू येण्याइतका मोठा नाय, एवढंच कळलं."

"यंत्रं सुधारली की पुन्हा बघशील?"

"बघीन."

"द्या मंग शाल तिला," गोजरबाई म्हणाली. बायका हसल्या, आणि निशाही मोकळी हसली.

दोन वर्षांनी तिला पदवी मिळाली. परीक्षकांनी सर्वाधिक प्रश्न त्या शंभर तुकड्यांवरच विचारले. अप्पाराव आता लोकांना सांगतात, "आमच्या निशानं आवाज नाय म्हणून सिद्ध केलं." ती घरात असली तर आतून ओरडते, "सिद्ध नाय ओ अप्पा!"